टॉवर जरूर मोजून घ्या, पण थायरॉइडचा शोध घरात घ्या : कोकणातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समित्या,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार,

सड्यावर मोबाइलचा टॉवर येणार म्हटले की ग्रामसभेत हल्ली थायरॉइडचे नाव निघते. वाडीतल्या चार-पाच जणींच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात, टॉवरही त्याच सुमारास उभा राहिलेला असतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच ठरावात जाऊन बसतात. हे पत्र त्या ठरावाबद्दल आहे. लिहिणाऱ्यांत रक्त तपासणारे आहेत, औषध देणारे आहेत आणि टॉवरवर अँटेना चढवणारेही आहेत. टॉवरला विरोध करू नका, असे आमचे म्हणणे नाही. जागेचा वाद, जनरेटरचा आवाज, दरडीची भीती ही कारणे तुमची तुम्ही जाणता. पण थायरॉइड हे कारण पुढे केलेत तर तांत्रिक तपासणीत ते टिकणार नाही, आणि गावातल्या थायरॉइडच्या रुग्णांना त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही.

आधी चेर्नोबिलचे बोलू. जैतापूरच्या चर्चेपासून रेडिएशन आणि थायरॉइड ही जोडी आपल्याकडे कानावर पडत आली आहे. ती जोडी खोटी नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातात आयोडीन-१३१ हवेत गेले, तिथून गवतावर, गाईच्या दुधात आणि दूध पिणाऱ्या मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीत. थायरॉइडला संप्रेरक बनवायला आयोडीन लागते. साधे कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते हे तिला ओळखता येत नाही, म्हणून तिने ते साठवले, आणि पुढे त्या मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला. टॉवरमधून असा कुठलाच पदार्थ बाहेर पडत नाही. वीज बंद केली की लहरी त्याच क्षणी थांबतात. टॉवर आणि फोनच्या या लहरी मायक्रोवेव्हच असतात, आणि त्यांचा एकेक कण अगदी अशक्त असतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हच्या एका कणाची ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर शरीरातला रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्या अंगातल्या उबेमुळे रेणूंची जी धडपड चालू असते तीसुद्धा या कणाच्या अडीच हजारपट ऊर्जेची आहे.

मग मायक्रोवेव्हचा थायरॉइडवर काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण उष्णतेने. १९७०च्या दशकात कुत्र्यांच्या थायरॉइडवर थेट तीव्र मायक्रोवेव्ह सोडून ग्रंथी ३९ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली गेली, तेव्हा तिच्यातून टी-४ हे तिचे संप्रेरक जास्त बाहेर पडले. आज थायरॉइडमधल्या काही गाठी जाळायला डॉक्टर गाठीत सुई घालून मायक्रोवेव्हच वापरतात. तिथे पेशी ६० अंशांच्या वर शिजतात, आणि तेच हवे असते. फोन किंवा टॉवरमुळे असे तापमान येत नाही. शिवाय थायरॉइडमधून वजनाच्या मानाने प्रचंड रक्त वाहते, ते थोडीफार उष्णता लगेच वाहून नेते.

उंदरांवरचे कमी तीव्रतेचे प्रयोग मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत टी-३ (ग्रंथीचे दुसरे संप्रेरक) आणि टी-४ उतरलेले दिसले, काहींत काहीच नाही. त्याची कारणे प्रयोगाच्या मांडणीतच आहेत. अरुंद नळीत तासन्‌तास कोंडलेला उंदीर घाबरतो, आणि नुसत्या ताणानेही टीएसएच खाली येते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे, मेंदूच्या तळातल्या ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉइड कमी पडले की ते चढते. उंदराचे शरीर लहान असल्यामुळे मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातल्या लहरी ते माणसापेक्षा कितीतरी चांगल्या शोषते. माणसांवरच्या पाहण्यांत रक्त सकाळी घेतले की दुपारी, याचीच नोंद नसेल तर टीएसएचमधल्या बारीक फरकाला अर्थ उरत नाही, कारण ते रात्री चढते आणि दुपारी उतरते. कर्करोगाबद्दल बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'शक्यता आहे' या २ब गटात टाकले ते मेंदू आणि कानाच्या नसेच्या गाठींवरून, थायरॉइडवरून नाही. अमेरिकेतल्या २०१८च्या मोठ्या अभ्यासात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या, पण त्यांना दोन वर्षे, दिवसाला नऊ तास, अंगभर किलोमागे ६ वॅटपर्यंत लहरी दिल्या होत्या. भारतात टॉवरसाठी धरलेली अंगभराची मर्यादा किलोमागे ०.००८ वॅट आहे. हे आकडे लपवून 'काहीच धोका नाही' म्हणणारे कंपन्यांचे पत्रकही आम्हाला पटत नाही. पण त्यातून थायरॉइडचा पुरावा निघत नाही.

आता तुमच्या सड्यावरचा टॉवर. लांबट पांढऱ्या पेट्या म्हणजे गावाला सिग्नल देणारे अँटेना. गोल ढोल दुसऱ्या टॉवरशी बोलण्यासाठी असतात. त्यांचा झोत बारीक आणि सरळ जातो, तो गावावर पडत नाही. पेट्यांचा मुख्य झोत समोर, किंचित खाली झुकलेला असतो. ३० मीटर उंचीवरचा अँटेना ६ अंश झुकवला तर झोत जमिनीला सुमारे २८५ मीटरवर टेकतो. म्हणून टॉवरच्या बुडाशी असलेल्या गोठ्यापेक्षा समोरच्या उतारावरच्या वाडीत मोजणी जास्त येते. टॉवरखालच्या घरालाच सगळ्यात जास्त धोका, हा समज इथे उलटा पडतो. सगळ्या पट्ट्यांचा मिळून झोतातला प्रभावी जोर ५,००० वॅट धरला, तर २५० मीटरवर चौरस मीटरमागे ०.००६४ वॅट पडतात. भारताची मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ आणि २००० च्या वर १ वॅट आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे.

आमच्या हिशेबावर विश्वास ठेवू नका, मोजून घ्या. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर नकाशात आपला टॉवर सापडतो, आणि ४,००० रुपये भरून मोजणीची मागणी करता येते. मोजणीला माणसे आली की वाडीतल्या कोणीतरी सोबत राहावे आणि झोताच्या रेषेतली घरे, अंगणवाडी, शाळेची गच्ची दाखवावी. अहवालात प्रत्येक पट्ट्याचा आकडा त्याच्या मर्यादेने भागून आलेले भागाकार बेरजेला घेतात. ती बेरीज १ च्या खाली हवी. मीटर व्होल्ट प्रति मीटरमध्ये दाखवत असेल तर ९०० मेगाहर्ट्झची मर्यादा सुमारे १३ आणि २००० च्या वरची सुमारे १९.४ समजावी. ऑनलाइन मिळणाऱ्या हजार-दोन हजारांच्या पिवळ्या-काळ्या मीटरवर ठराव करू नका. त्यातले बरेचसे पंख्याच्या मोटरीचे चुंबकीय क्षेत्र आणि मोबाइलच्या लहरी यांची गल्लत करतात, आणि क्षणभराचा उच्चांक पडद्यावर धरून ठेवतात.

टॉवर नाकारल्यावर काय होते तेही सांगायला हवे. फोन आपला जोर नेटवर्क पाहून ठरवतो. सड्यावर चार कांड्या असतील तर तो हजारपट किंवा त्याहूनही कमी जोरात बोलतो. खाली पऱ्ह्याच्या काठच्या वाडीत एकच कांडी असेल तर पूर्ण २०० मिलीवॅट बाहेर टाकतो. १० सेंटीमीटरवर याचा हिशेब चौरस मीटरमागे १.६ वॅटच्या आसपास येतो, म्हणजे वरच्या टॉवरच्या अडीचशेपट. बऱ्याच फोनमध्ये अँटेना खालच्या टोकाला, म्हणजे हनुवटीजवळ असतो. गळ्याची काळजी असलेल्यांनी कांडी एकच असताना लांब बोलणे टाळावे, स्पीकर किंवा वायरचे इयरफोन वापरावेत. फोनचा सार आकडा, म्हणजे शरीर किलोमागे किती वॅट शोषते तो, स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबून दिसतो. भारतात तो किलोमागे १.६ वॅटच्या आत असावा लागतो.

मायक्रोवेव्हची आणखी दोन उपकरणे आपल्या किनाऱ्यावर आहेत, आणि त्यांच्याबद्दल ग्रामसभेत कोणी बोलत नाही. एक म्हणजे स्वयंपाकघरातला ओव्हन. पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर त्याची गळती चौरस सेंटीमीटरमागे ५ मिलीवॅटच्या आत असावी लागते, आणि नवा ओव्हन याच्या कितीतरी खाली असतो. आपल्याकडे भीती खाऱ्या हवेची. दाराची बिजागरी गंजते, आतला रंग फुटतो, काठावर तेलाचा थर बसून दार अर्धा मिलिमीटर उघडे राहते. दाराच्या काठावरून कागदाची पट्टी सहज ओढून निघत असेल, दार हलत असेल किंवा जाळीला गंजाचे छिद्र पडले असेल, तर ओव्हन वापरू नका. ओव्हनमध्ये फोन ठेवून रिंग वाजते का, ही यूट्यूबवरची चाचणी फसवी आहे. दार धडधाकट असतानाही फोनला पुरेसा सिग्नल आत पोचू शकतो.

दुसरे म्हणजे मासेमारी नौकांवरचे रडार. मिरकरवाडा, हर्णै, देवगडच्या ट्रॉलरवर फिरणारा तो आडवा पट्टा ९.४ गिगाहर्ट्झवर चालतो. छोट्या रडारची क्षणिक शक्ती ४ किलोवॅट असली तरी सरासरी काही वॅटच असते. या लहरी त्वचेत काही मिलिमीटरच शिरतात, थायरॉइडपर्यंत पोचत नाहीत, पण जवळून सतत डोळ्यावर पडल्या तर डोळ्याच्या भिंगाला उष्णता लागते. मास्टवर चढून दुरुस्ती करण्याआधी तांडेलाने रडार नुसते 'स्टँडबाय'वर न ठेवता मुख्य स्विचवरून बंद करावे आणि फ्यूज खिशात ठेवावा. हे सगळ्या खलाशांना ठाऊक असते, पण घाईत राहून जाते.

आता थायरॉइडकडे येऊ. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आठ शहरांच्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइड मंद असल्याचे आढळले. किनाऱ्यावरच्या मुंबई, गोवा आणि चेन्नईत हा आकडा साडेनऊच्या आसपास, तर स्त्रियांमध्ये एकूण १६ टक्क्यांजवळ होता. शहरांतला आकडा वाडीला जसाच्या तसा लावू नये, तरीही ४० बायकांच्या वाडीत पाच-सहा जणींना गोळी असणे यात टॉवर नसतानाही नवल नाही. बहुतेकींत शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते.

आपल्याकडे एक ठाम समज आहे की समुद्राकाठी राहणाऱ्याला आयोडीन कमी पडत नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, पण मिठागरात पाणी आटून मीठ बनते तेव्हा ते जवळजवळ सगळे निघून जाते. शिरोडा किंवा उरणच्या मिठागरातून थेट आणलेले जाडे मीठ चवीला खमंग असेल, पण थायरॉइडच्या दृष्टीने ते साधे मीठच. मासळीतून थोडे आयोडीन मिळते. मात्र जून-जुलैची मासेमारीबंदी आणि पाठोपाठ श्रावण, म्हणजे बऱ्याच घरांत तीन महिने ताटात मासळी नाही. सुकी मासळी असते, पण ती खारवायला वापरलेले मीठ बिनआयोडीनचेच असते. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचताना निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम, आयोडीन असावे लागते. १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढाची दिवसाची गरज. गरोदर बाईला २५० लागते.

पावसात मीठ पाणी सोडते आणि दाण्यावरचे आयोडीन त्या पाण्याबरोबर बरणीच्या तळाशी उतरते. मग वरचे कोरडे मीठ घेतले की आयोडीन कमी, तळचे ओले फेकून दिले की राहिलेलेही गेले. जाडे मीठ धुऊन घेण्याची सवयही हेच करते. घट्ट झाकणाची काचेची बरणी, एका वेळी अर्धा किलोचीच पिशवी, बरणी चुलीपासून लांब, आणि आमटी-कालवणात मीठ शेवटी. आशाताईंकडे मीठ तपासायचे किट असते. चमचाभर मीठ पसरून त्यावर चाचणी द्रावणाचा एक थेंब टाकायचा. जांभळा-निळा रंग आला की आयोडीन आहे. रंग आला नाही तर दुसऱ्या बाटलीतला एक थेंब टाकून पुन्हा पहिल्या द्रावणाचा थेंब. मीठ थोडे क्षारयुक्त असेल तर पहिल्याच थेंबाला रंग येत नाही, आणि 'मीठ नापास' असा चुकीचा शेरा पडतो. द्रावणाची मुदत बाटलीवर पाहा. श्रावणाच्या सुरुवातीला वाडीवाडीतून वीस-वीस घरांचे मीठ असे तपासायला एक दुपार पुरते. सैंधव आणि गुलाबी मिठाची नवी फॅशन मुंबईहून गावात आलीच आहे. त्यांतही आयोडीन मिसळलेले नसते, हे त्या घरांना तिथेच सांगता येईल.

गोळ्यांचा घोळ याहून मोठा आहे. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होते. बाटली बंद ठेवा, थंड व कोरड्या जागी ठेवा, असे तिच्या लेबलवरच असते. आपल्याकडे शंभर गोळ्यांची बाटली फोडून दुकानदार दहा-पंधरा गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतो, पुडी जुलैत खिडकीच्या फळीवर पडते, गोळ्या मऊ पडतात, कडेला पिवळसर होतात. त्यांचा जोर उतरतो, तपासणीत टीएसएच चढते आणि डॉक्टर डोस वाढवतात. ऑक्टोबरात कोरड्या हवेत नवी बाटली सुरू झाली की तोच वाढीव डोस जास्त होतो. मग छाती धडधडते, झोप उडते. उपाय सोपा आहे. सीलबंद बाटलीच घ्यावी, आतली ओलावा शोषणारी छोटी पुडी काढू नये, झाकण लगेच फिरवून घट्ट करावे. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच आत दव धरते.

गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, शक्यतो तासाभराने. ही गोळी आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, आणि तिची थायरॉइडची गोळीही चालू असते. तिन्ही गोळ्या एकाच मुठीत घेणाऱ्या अनेकजणी आहेत. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात आणि ती रक्तात पोचत नाही. आशाताईंनी लाल गोळी देतानाच 'थायरॉइडची चालू आहे का' एवढे विचारले तर हा गोंधळ जागीच मिटेल. गरोदरपणात डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, तोही पहिल्या काही आठवड्यांत. पाळी चुकली की लगेच डॉक्टरकडे जावे, चौथ्या महिन्यापर्यंत थांबू नये. गरोदरपण नसताना डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासावे. पंधरा दिवसांत तपासले तर आकडा फसवतो, कारण टी-४ शरीरात सात दिवसांत जेमतेम निम्मे होते.

शिबिरे घेणाऱ्यांना दोन सूचना. लावणीच्या हंगामात लेप्टो किंवा डेंग्यूतून उठलेल्या माणसाचे थायरॉइड काही आठवडे तपासू नये. मोठ्या तापात टी-३ आणि टीएसएच आपोआप हलतात आणि नसलेला आजार कागदावर येतो. आणि केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्याने तपासणीच्या दोन दिवस आधी त्या बंद ठेवाव्यात. नाहीतर काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी दिसते.

सगळ्यात निकडीची बाब नवजात बाळांची. भारतात सुमारे हजार बाळांमागे एकाला जन्मतः थायरॉइड मंद असते. बाळ पहिल्या दिवसांत अगदी ठीक दिसते, फार तर कावीळ रेंगाळते, बाळ झोपाळू असते, बेंबी फुगते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल पुढे सामान्य वाढते. तीन-चार महिने गेले तर बुद्धीचे नुकसान भरून येत नाही. गोळीचा खर्च नगण्य आहे. शेजारच्या गोव्यात सरकारी रुग्णालयांत २००८ मध्ये नवजात तपासणी सुरू झाली. आपल्याकडे प्रसूती जिथे होणार तिथे टाचेच्या रक्ताची तपासणी होते का, हे सातव्या महिन्यातच विचारायला हवे. नमुना ४८ ते ७२ तासांत घ्यावा. जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच नैसर्गिकरीत्या उसळते आणि खोटा अहवाल येतो. थेंब कागदाच्या गोलात एकाच बाजूने टाकून मागच्या बाजूपर्यंत भिजू द्यावा, थेंबावर थेंब चढवू नये. कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवावा. पावसाळ्यात तो याहून हळू वाळतो. ओलसरच लिफाफ्यात घातला तर नमुना वाया जातो. वाळवणीची पुडी घालून झिपच्या पिशवीत बंद करावा.

बाळंतीण बहुतेक वेळा माहेरी असते, आणि नमुन्याच्या कागदावर नंबर सासरचा, कित्येकदा मुंबईतल्या नवऱ्याचा, लिहिलेला असतो. अहवाल वाईट आला की प्रयोगशाळा त्याच नंबरवर फोन करते. कागदावर माहेरचा नंबर आणि तिथल्या आशाताईंचा नंबर असे दोन्ही लिहून घ्यावेत. वाडीत नेटवर्क लागत नसेल तर आशाताईंना लागणाऱ्या सड्यावरच्या जागेवरून रोज एकदा संदेश पाहायला सांगावे, निदान बाळ पंधरा दिवसांचे होईपर्यंत.

पुढच्या ग्रामसभेसाठी आमची मागणी एवढीच आहे : टॉवरचा ठराव घ्यायचाच असेल तर त्यात मोजणीची मागणी, झोतातल्या घरांची यादी आणि ४,००० रुपयांची तरतूद लिहा. आणि त्याच बैठकीत मीठतपासणीची तारीख ठरवा, गावच्या औषध दुकानदाराला सीलबंद बाटलीबद्दल सांगा आणि या तिमाहीत होणाऱ्या प्रसूतींची यादी आशाताईंकडून मागवून प्रत्येकीपुढे नमुना कुठे घेतला जाणार ते लिहून घ्या.

आपले,
किनारपट्टीवर काम करणारे काही डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माते आणि दूरसंचार अभियंते